वाईट दिवसालाही झेपेल अशी सवय: यशाकडे नेणाऱ्या सवयी कशा लावून घ्याव्यात

संकल्प करायच्या दिवशी माणूस ताजातवाना असतो. झोप झालेली असते, वही कोरी असते, मनात उमेद असते. त्या भरात तो ठरवतो की उद्यापासून पहाटे पाचला उठायचं, दोन तास अभ्यास, एक तास व्यायाम, मोबाईल बंद. हे सगळं पाळायचं असतं ते मात्र वेगळ्याच माणसाला. त्याला रात्री झोप लागलेली नसते, घरात कोणीतरी आजारी असतं, कामावर बोलणी खाऊन तो नुकताच परतलेला असतो. संकल्प मोडतात ते इथे. ठरवतो एक आणि करायचं असतं दुसऱ्याला.

म्हणून या लेखात मी एकच धागा धरून पुढे जाणार आहे. सवय आखायची ती आपल्या सर्वांत वाईट दिवसाच्या मापाने. चांगल्या दिवशी माणूस आपणहून जास्त करतोच, त्याची चिंता करायला नको.

त्याआधी एक गोष्ट सांगायलाच हवी. सवयींनी यशाची हमी मिळत नाही. २०१४ साली सराव आणि कामगिरी यांच्या नात्यावरच्या ८८ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. माणसामाणसांच्या कामगिरीत जो फरक दिसतो, त्यातला किती भाग सुधारण्यासाठी मुद्दाम केलेल्या सरावाने उलगडतो, हा प्रश्न होता. बुद्धिबळासारख्या खेळांत २६ टक्के, संगीतात २१, मैदानी खेळांत १८, शिक्षणात ४ आणि नोकरी-व्यवसायात १ टक्क्याहूनही कमी, असं उत्तर आलं. बाकीच्यात संधी, घरची परिस्थिती, तब्येत, उपजत कल, योगायोग असं बरंच काही येतं. हे आकडे मी मुद्दाम सुरुवातीलाच देतो आहे. ‘मेहनत केली की मिळतंच’ असं म्हणणारा माणूस न कळत प्रत्येक अपयशी माणसावर आळशीपणाचा ठपका ठेवत असतो, आणि तो मला अन्याय वाटतो. तरीही सवयींवर एवढं लिहावंसं वाटतं, कारण संधी आली तेव्हा आपण तयार होतो की नाही, हे बहुतेक वेळा आधीच्या साध्यासुध्या दिवसांत ठरून गेलेलं असतं.

पहिली पायरी: आठवडाभर काहीही बदलू नका, फक्त बघा

ही पायरी सगळ्यांनाच गाळावीशी वाटते. गाळू नका.

वेंडी वूड या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थ्यांना दिवसभर ठरावीक अंतराने, आत्ता काय करताय आणि मनात काय चाललंय, हे लिहायला सांगितलं होतं. सुमारे ४३ टक्के कृती जवळजवळ रोज, त्याच ठिकाणी आणि मनात दुसराच विचार चालू असताना होत असल्याचं दिसलं. दिवसाचा एवढा मोठा भाग आपण ठरवत नाही, तो आपोआप घडत जातो.

वूड यांच्या गटाचा २०११ सालचा एक प्रयोग तर मला फार बोलका वाटतो. चित्रपटगृहात प्रेक्षकांना पॉपकॉर्न दिले, काहींना ताजे आणि काहींना आठवडाभर आधीचे शिळे. ज्यांना चित्रपट बघताना पॉपकॉर्न खायची सवय होती, त्यांनी शिळेही ताज्यांइतकेच खाल्ले. चव आवडली नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलं, पण हात थांबला नाही. पुढे काहींना नेहमीच्या हाताने न खाता दुसऱ्या हाताने खायला सांगितलं, तेव्हा शिळे पॉपकॉर्न कमी खाल्ले गेले. जागा आणि हाताची नेहमीची हालचाल, एवढ्यावर ती सवय उभी होती.

तेव्हा सात दिवस एक छोटी वही जवळ ठेवा. बदलावीशी वाटणारी किंवा लावून घ्यावीशी वाटणारी गोष्ट समोर आली की चार गोष्टी टिपा: किती वाजले, कुठे होतो, जवळ कोण होतं, आणि त्याच्या लगेच आधी काय घडलं. चौथी नोंद सर्वांत मोलाची. ‘मी फार मोबाईल बघतो’ या वाक्यातून काहीच हाती लागत नाही. ‘अवघड परिच्छेद आला की दुसऱ्या मिनिटाला हात मोबाईलकडे जातो’ असं लिहिलेलं सापडलं, की नेमकं कुठे काम करायचं ते कळतं.

दुसरी पायरी: एकच निवडा, आणि ती कृती असू द्या

वजन घटणं, पदोन्नती मिळणं, परीक्षेत पहिलं येणं हे सगळे परिणाम झाले. ते आपल्या हातात पूर्णपणे नसतात. चालणं, लिहिणं, उदाहरणं सोडवणं, समोरच्याला वेळेवर उत्तर देणं या कृती आहेत. सवय कृतीची लागते.

अनेक कृती खुणावत असतील तर स्वतःला विचारा, यातली कोणती जमली तर बाकीच्या सोप्या होतील? कुणासाठी ते वेळेवर झोपणं असेल, कुणासाठी सकाळचा पहिला तास फक्त एकाच कामाला देणं. एकाच वेळी पाच सवयी लावायला निघालेला माणूस तिसऱ्या आठवड्यात पाचही सोडून बसलेला मी अनेकदा पाहिला आहे.

इथेच एक सापळा आहे. यशाची गोड चित्रं रंगवत बसलं की उमेद वाढते, असं आपल्याला वाटतं. गाब्रिएले ओटिंगेन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, पदवीनंतर नोकरी शोधणाऱ्या तरुणांपैकी जे यशाच्या कल्पनांत जास्त रमत होते, त्यांनी दोन वर्षांनी पाहिलं तर कमी अर्ज केले होते, त्यांना नोकऱ्यांचे प्रस्ताव कमी आले होते आणि पगारही कमी होता. नोकरी मिळेल असा रास्त भरवसा असणाऱ्यांचं मात्र चांगलं झालं होतं. भरवसा असणं वेगळं आणि मनोराज्यात रमणं वेगळं. मनातल्या मनात शिखर गाठून झालं की पाय उचलायची निकडच उरत नाही. म्हणून चित्र रंगवा, पण लगेच त्याखाली लिहा: ‘यात माझ्याच आतून आडवं येणारं काय आहे?’ बाहेरची कारणं नकोत. कंटाळा, संकोच, भीती, टाळाटाळ, जे खरं असेल ते.

तिसरी पायरी: माप वाईट दिवसाचं घ्या

गेल्या महिनाभरातला सर्वांत थकवणारा दिवस आठवा. आजारपणाचा नव्हे, नुसता वाईट. त्या रात्री, दिवा मालवण्याआधी, निवडलेली कृती किती करता आली असती? जे उत्तर येईल तेवढंच रोजचं माप.

‘रोज दोन तास अभ्यास’ याचं वाईट दिवसाचं माप ‘पुस्तक उघडून एक उदाहरण सोडवणं’ असेल. ‘रोज पाच किलोमीटर पळणं’ याचं ‘बूट घालून घराबाहेर पडणं आणि दहा मिनिटं चालणं’. ‘रोज हजार शब्द लिहिणं’ याचं ‘तीन वाक्यं’. मी लिहिण्यासाठी तीन वाक्यांचंच माप धरतो. बहुतेक दिवशी पानभर होतं, काही दिवशी खरोखर तीनच होतात, आणि त्या तीन वाक्यांच्या दिवसांनीच माझं लिहिणं टिकवून धरलं आहे.

हे माप ऐकून ‘एवढ्याशाने काय होणार?’ असं मन म्हणेलच. या टप्प्यावर आपण कौशल्य कमावत नसतो. रोज त्या जागी हजर व्हायला शिकत असतो. कौशल्याचं पुढे येईलच.

चौथी पायरी: ‘जेव्हा… तेव्हा…’ असं वाक्य लिहा

पेटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली मांडलेली कल्पना अगदी साधी आहे. ‘मी व्यायाम करणार’ असं ठरवण्याऐवजी ‘जेव्हा अमुक घडेल, तेव्हा मी तमुक करेन’ असं ठरवायचं. २००६ साली त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी ९४ चाचण्यांचा एकत्रित हिशोब मांडला, आणि अशा वाक्याने ध्येय गाठण्याचं प्रमाण चांगलंच वाढत असल्याचं दिसलं.

यातलं ‘जेव्हा’ नीट निवडण्यावर सगळं अवलंबून आहे. ‘वेळ मिळाला की’ हे कधीच घडत नाही. ‘संध्याकाळी’ हे फार पसरट आहे. ‘कामावरून येऊन चपला काढल्या की’ हे रोज घडतं, डोळ्यांना दिसतं, आणि एकाच क्षणी घडतं. पहिल्या पायरीत टिपलेल्या नोंदी इथे कामी येतात, कारण रोज न चुकता घडणारे क्षण त्यात आधीच सापडलेले असतात.

दुसरं वाक्य अडथळ्यासाठी लिहा. ‘जेव्हा उदाहरण सुटत नाही म्हणून हात मोबाईलकडे जाईल, तेव्हा मी आधी वहीत लिहीन की नेमकं काय कळलं नाही.’ दोन वाक्यं पुरेत. दहा लिहिली तर एकही लक्षात राहत नाही.

पाचवी पायरी: मनाशी झुंज नको, जागा बदला

‘इच्छाशक्ती स्नायूसारखी असते, वापरून थकते’ हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. १९९८ सालच्या एका गाजलेल्या प्रयोगातून ही कल्पना पसरली. २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून जास्त लोकांवर तिची पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा असा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. वाद अजून मिटलेला नाही. पण २०१२ साली व्हिल्हेल्म होफमान आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातून दुसरी एक उपयोगी गोष्ट पुढे आली. ज्यांचा स्वतःवर चांगला ताबा आहे असं दिसतं, त्यांना रोजच्या जगण्यात मोहाशी झगडावंच कमी लागतं. त्यांच्या वाटेत मोह कमी येतात.

संयमी माणसाबद्दल आपण उगाच कल्पना करतो की तो दात-ओठ खाऊन मोह आवरत असेल. बहुधा त्याने ती वस्तू कालच दुसऱ्या खोलीत ठेवलेली असते.

काय करायचं ते सरळ आहे. हवी ती कृती एक पाऊल जवळ आणा, नको ती दोन-तीन पावलं दूर न्या. पुस्तक उघडं, त्याच पानावर, पेन वर ठेवून टेबलावर. व्यायामाचे कपडे रात्रीच काढून ठेवलेले. मोबाईल कामाच्या खोलीबाहेर. खिशात आणि आवाज बंद, असं नको. ॲप काढून टाकता येत नसेल तर प्रत्येक वेळी त्यातून ‘लॉग आउट’ करायचं, म्हणजे परत जाताना पासवर्ड टाकावा लागेल. दहा सेकंदांचा तो खोळंबासुद्धा आपल्याला भानावर आणतो.

माणसं हीसुद्धा जागाच आहे. ज्यांच्यात बसल्यावर आपलं काम करावंसं वाटतं, त्यांच्यात जास्त बसा. बाकीच्यांशी मैत्री तोडायची गरज नाही.

सहावी पायरी: नोंद ठेवा, कागदावर

२०१६ साली १३८ अभ्यासांचा आणि जवळपास वीस हजार लोकांचा आढावा घेतला गेला. प्रगती वेळोवेळी तपासत राहिल्याने ध्येय गाठायला मदत होते, आणि ती नोंद लिहून ठेवली किंवा दुसऱ्याला दाखवली तर जास्त होते, असा त्याचा निष्कर्ष होता. बेंजामिन फ्रँकलिनने हे अठराव्या शतकातच स्वतःवर करून पाहिलं होतं. तेरा गुणांची यादी, छोट्या वहीत आखलेले रकाने, चूक झाली की काळा ठिपका, आणि एका आठवड्यात मुख्य लक्ष एकाच गुणावर. ठरवलेली परिपूर्णता आपल्याला कधीच गाठता आली नाही, पण प्रयत्नच केला नसता तर झालो असतो त्याहून बरा माणूस झालो, असं त्याने पुढे लिहून ठेवलं.

आपल्याला एवढा थाट नको. महिन्याचा कागद, रोज एक खूण, आणि न जमलेल्या दिवशी शेजारी दोन शब्दांत कारण.

सातवी पायरी: मोडली तर

मोडणारच आहे. त्याची तयारी आत्ताच करायला हवी.

‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे विसरा. एका प्लास्टिक सर्जनने आपल्या रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान एकवीस दिवस लागतात असं निरीक्षण १९६० साली लिहिलं, आणि पुढे त्यातला ‘निदान’ गळून पडला. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ लोकांना बारा आठवडे अभ्यासलं. २००९ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे: कृती आपोआप होऊ लागायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ दिवस लागतील असं गणित निघालं. व्यायामासारख्या गोष्टींना खाण्यापिण्याच्या साध्या सवयींपेक्षा जास्त वेळ लागला. आणि मला सर्वांत दिलासा देणारी गोष्ट अशी, की मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही.

घात करतो तो चुकलेल्या दिवसानंतरचा विचार. ‘गेलंच की आता सगळं.’ २०१० साली पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या एका अभ्यासात, पहिल्या परीक्षेआधी केलेल्या टाळाटाळीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी टाळाटाळ कमी केली. स्वतःला झोडपणं ही शिस्त आहे, असं आपल्यातल्या पुष्कळांना लहानपणापासून शिकवलं गेलं आहे. पण अपराधीपणा वाटू लागला की माणूस त्या कामाकडे बघायचंच टाळतो, आणि काम आणखी लांबतं.

नियम एवढाच ठेवा: सलग दोन दिवस चुकू द्यायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी फक्त वाईट दिवसाचं माप पूर्ण करायचं. कालची भरपाई म्हणून दुप्पट करायला जाऊ नका, त्याने तिसरा दिवस बुडतो.

आठवी पायरी: हजेरी लागली, आता धार लावा

दोन-तीन महिन्यांनी कृती अंगवळणी पडते आणि इथे एक नवा धोका उभा राहतो. जे अंगवळणी पडलं ते सुधारत नाही. वीस वर्षं रोज लिहूनही अक्षर तसंच राहतं, ते यामुळेच.

अँडर्स एरिक्सन यांनी १९९३ साली बर्लिनमधल्या व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वोत्तम वादकांचे एकट्याने केलेल्या सरावाचे तास जास्त होते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ते सराव तुकड्यांत करत, मध्ये विश्रांती घेत आणि झोपही जास्त घेत, याकडे कमी लक्ष जातं.

तुमच्या कामातला एक छोटा, कच्चा भाग उचला. भाषणच चांगलं करायचं असं न धरता भाषणाची पहिली तीस सेकंदं घ्या. ती ध्वनिमुद्रित करा, ऐका, एकच दोष निवडा, पुन्हा करा. अर्धा-पाऊण तास पुरे, कारण असा सराव खरोखर दमवतो. दमवत नसेल तर आपण येतं तेच घोटत आहोत.

अभ्यासाला हेच लागू पडतं. २००६ सालच्या रोडिगर आणि कार्पिक यांच्या प्रयोगात, उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. पण आठवड्यानंतर, उतारा न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं आणि पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. वाचताना सोपं वाटतं म्हणून येतंय असं वाटतं. पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर लिहून बघा.

वृत्तीचा प्रश्न इथेच येतो. धार लावायची तर दोष ऐकून घ्यावे लागतात, आणि ते दुखतं. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली दाखवलं की ‘किती हुशार आहेस’ अशी शाबासकी मिळालेली मुलं पुढे सोपी कामं निवडतात, तर मेहनतीची शाबासकी मिळालेली अवघड कामाला हात घालतात. हुशारीची प्रतिमा जपायची असेल तर चूक परवडत नाही. म्हणून अभिप्राय मागताना ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका, समोरचा भिडेपोटी ‘छान’ म्हणेल. ‘यातली सर्वांत कच्ची जागा कोणती?’ असं विचारा. उत्तर आलं की स्वतःचा बचाव न करता लिहून घ्या, आभार माना, आणि निर्णय दुसऱ्या दिवशी घ्या. चार्ल्स डार्विन आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की ताबडतोब टिपून ठेवायचा, कारण अशा गोष्टी अनुकूल गोष्टींपेक्षा लवकर विसरल्या जातात, हे त्याने स्वतःत ओळखलं होतं.

दिलेला शब्द

याला पायरी म्हणता येणार नाही, पण हे सोडून पुढे जाववत नाही. कौशल्य बेताचं असूनही पुढे गेलेली माणसं मी बारकाईने पाहिली, तेव्हा बहुतेकांत एक गोष्ट सापडली. त्यांनी ‘गुरुवारी देतो’ म्हटलं की गुरुवारी मिळतं.

शब्द मोडतात ते नेहमी बेपर्वाईने नव्हे. १९९४ साली प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना अंदाज विचारला, तर सरासरी सुमारे ३४ दिवस असं उत्तर आलं, प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. ‘सगळंच बिनसलं तर?’ असं विचारून घेतलेला अंदाजही सुमारे ४९ दिवसांचा, म्हणजे तोही कमीच पडला. उपाय असा की पुढच्या कामाची कल्पना करत बसायचं नाही, मागच्या तशाच कामाला प्रत्यक्ष किती दिवस लागले ते वहीत बघायचं आणि तीच तारीख द्यायची. उशीर होणार हे कळलं त्याच दिवशी कळवायचं, शेवटच्या दिवशी नव्हे. आणि हातात वेळ नसेल तर सुरुवातीलाच ‘या महिन्यात जमणार नाही’ म्हणायचं. असा स्पष्ट नकार लोक विसरून जातात, ताटकळत ठेवलेलं विसरत नाहीत.

झोप

थोडक्यात सांगतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन आठवडे रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिलेल्या लोकांची एकाग्रता, एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी खालावली. आपण इतके मंदावलो आहोत, हे त्यांना स्वतःला फारसं जाणवलं नाही. झोप कापून अभ्यास वाढवायचा बेत असेल तर तो सोडा.

बारा आठवड्यांनी

कागद समोर घ्या आणि फक्त वाईट दिवसांच्या खुणा बघा. त्या दिवशीही कृती झाली असेल आणि न केल्यावर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत असेल, तर माप थोडं वाढवा किंवा दुसरी सवय हाती घ्या. दोन्ही एकदम नकोत. खुणा विरळ असतील तर शेजारी लिहिलेली कारणं वाचा. एकच कारण परत परत येत असेल तर ‘जेव्हा’ चुकलं आहे, चौथ्या पायरीवर जाऊन क्षण बदला. कारणं रोज वेगळी असतील तर माप मोठं झालं आहे, ते निम्मं करा. आणि एकही कारण लिहावंसं वाटलं नसेल, तर ही सवय तुम्हाला हवी होती की दुसऱ्या कुणाला तुमच्याकडून हवी होती, ते शांतपणे बघा. दुसऱ्याची असेल तर ती सोडून द्या आणि नवी वही घेऊन पुन्हा आठवडाभर नुसतं बघा.